एकशे अठरा पानांचं लग्न

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराई सुरू झाली तशी आपल्या रविवारच्या पुरवणीत लग्नाच्या तयारीवर दोन पानं आली. मी ती मशीनवर बसूनच वाचली, कारण या दिवसांत मशीन सोडून उठायला सवड होत नाही. 'आटोपशीर' म्हणून ज्या लग्नाचं त्यात वर्णन होतं, त्याचा खर्च आठ लाख होता. ते वाचल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. आठ लाखांना आटोपशीर म्हणायचं, तर माझ्याकडे ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बायकांनी आपल्या लेकींची लग्नं करायची तरी कशी? गेल्या मार्गशीर्षात मी माझ्या लेकीचं लग्न मिरजेत केलं. आमच्या बाजूचा सगळा खर्च १,३५,०५० रुपये झाला. वही माझ्यापाशी आहे आणि त्यातलं जेवढं दुसऱ्याच्या उपयोगी पडेल तेवढं इथे लिहिते. पत्र लांबेल, पण कृपा करून कापू नका.

मी तीस वर्षं शिवणकाम करते. ह्यांची रिक्षा आहे. माझ्या लग्नाला, १९९१ साली, वडिलांनी दोन दुभत्या म्हशी विकल्या. घरातलं दूध बंद झालं आणि माझी धाकटी भावंडं पुढची दोन वर्षं कोरा चहा पीत होती. माहेरी गेले की मला तो कपातला काळा रंग दिसायचा. लेक झाली तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं की हिच्या लग्नापायी घरातलं काही विकायचं नाही आणि कोणाकडून काही उचलायचं नाही.

उचलण्याचं काय होतं ते मी रोज बघते. लग्नघरातली बाई ब्लाऊज टाकायला येते तेव्हा माप देता देता मन मोकळं करते. आमच्याच भागातल्या एकीने मुलीच्या लग्नाला बचत गटातून, फायनान्सवाल्याकडून आणि नणंदेकडून असं तीन ठिकाणाहून कर्ज काढलं. चार वर्षं झाली. नातवंड बालवाडीत जायला लागलं, तरी हप्ते चालू आहेत. त्या लग्नात सातशे माणूस जेवलं. त्यातले किती जण आज तिच्या दारावरून जाताना थांबतात, हे तिनेच मला विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझ्या हातात असे होते : पोस्टात दरमहा १,५०० रुपयांचं पाच वर्षांचं आरडी, त्याचे व्याजासकट १,०४,००० च्या आसपास आणि भिशीचे ४०,०००. एकूण १,४४,०००. लेक एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. तिचेही थोडे साठले होते, पण ते तिच्या संसाराला राहू देत, असं मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. स्थळ जयसिंगपूरचं. मुलगा डिप्लोमा झालेला, कारखान्यात कामाला, निर्व्यसनी. देण्याघेण्याचा शब्द त्यांच्याकडून आला नाही. तो आला असता तर तिथंच उठायचं, हे आमच्या घरात आधीच बोलून झालं होतं.

पहिली चूक मीच केली. सगळे करतात म्हणून आधी कार्यालय बघायला गेले. एका मंगल कार्यालयात भाडं ९०,००० सांगितलं. वर ताटाचा दर ३२० आणि ताटं किमान ३००, माणसं कमी आली तरी पैसे तीनशेचेच. सजावट त्यांच्याच माणसाकडून, तीही ४५,००० पासून पुढे. बाहेरचा आचारी आणला तर त्याचा वेगळा आकार. जनरेटरचं डिझेल, सफाई, वीज हे आणखी निराळं. नुसते पहिले तीन आकडे मिळवले तरी २,३१,००० होतात. मला तिथंच कळायला हवं होतं. पण तारीख जाईल, दुसरं कोणी घेईल, असं दोनदा सांगितल्यावर मी घाबरले आणि ११,००० रुपये इसार देऊन आले. घरी येऊन पावती उलटून बघितली, तर मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं, इसार परत मिळणार नाही. तिसऱ्या दिवशी रद्द करायला गेले. पैसे मिळाले नाहीत. ते ११,००० माझ्या हिशेबात धरलेले आहेत, म्हणजे खरं लग्न सव्वा लाखाच्याही आतलं.

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण आहे. पैसे कुठे जातात ते त्या पावतीने मला शिकवलं. आपण हार स्वस्त बघतो, पत्रिकेचा कागद हलका घेतो, गोडाचा एक पदार्थ कमी करतो. त्याने हजार-दोन हजार वाचतात. मोठा पैसा दोनच ठिकाणी जातो, जागेत आणि माणसांच्या आकड्यात. हे दोन आकडे मनासारखे झाले की बाकीचं हौसेनं करता येतं.

जागा आमच्या गल्लीच्या टोकालाच होती. देवळाचा सभामंडप. रोज त्याच्यासमोरून जाते, पण लग्नाला म्हणून कधी डोळ्यात भरला नव्हता. भाडं ३,५०० आणि वीज-सफाईचे १,०००. अनामत ५,००० ती दुसऱ्या दिवशी परत मिळाली. फरशी चांगली, मागे मोरी, नळाला पाणी, आचाऱ्याला चुलाण मांडायला पत्र्याची शेड. माणसं मात्र सव्वाशेच्या वर मावत नाहीत.

या सव्वाशेनेच आमचं लग्न तारलं. याद्यांच्या दिवशी, म्हणजे कोणी काय करायचं ते दोन्ही घरं बसून लिहितात त्या दिवशी, विहीणबाई म्हणाल्या, "अहो ताई, आमच्या एकट्याची माणसं चारशे होतात. गल्ली आहे, कारखान्यातले आहेत, ह्यांच्या भजनी मंडळातले आहेत. कोणाला वगळायचं?" त्यांचं चुकत नव्हतं. आयुष्यभर चारशे घरची लग्नं त्या जेवून आल्या होत्या, आता बोलवायचं नाही म्हणजे तोंड लपवायची पाळी. मी म्हटलं, "विहीणबाई, वगळूया कोणालाच नको. पण सगळ्यांनी एकाच दिवशी, एकाच पंगतीला जेवलंच पाहिजे का?"

मग आम्ही दोघी जुनं आठवत बसलो. त्यांच्या लहानपणी लग्नानंतर पानसुपारी असायची. माणसं यायची, अत्तर लावायचं, गुलाबपाणी शिंपडायचं, पेढा आणि विडा द्यायचा. माझ्या मामाच्या लग्नात संध्याकाळी नुसते लाडू-चिवड्याचे पुडे वाटलेले मला आठवतात. तेव्हा त्याला कोणी कंजूषपणा म्हणत नव्हतं. शेवटी ठरलं ते असं : लग्नाला दोन्हीकडचे मिळून फक्त जवळचे, ज्यांच्या हातून अक्षता पडायलाच हव्यात ते. बाकी सगळी गल्ली, कारखाना, भजनी मंडळ यांना दुसऱ्या दिवशी जयसिंगपूरला सत्यनारायणाच्या पूजेला, संध्याकाळी पाच ते नऊ, तीर्थप्रसादाला. प्रसादाचा शिरा, जयसिंगपूरचीच भडंग आणि चहा. लोक आपापल्या वेळेनं आले, नवरानवरीशी दोन शब्द बोलले आणि गेले. लग्नाच्या स्टेजवर रांगेत उभं राहून पाकीट हातात द्यायचं आणि जेवणाकडे पळायचं, त्यापेक्षा ही भेट कितीतरी निवांत झाली. विहीणबाईंनी मला रात्री फोन करून सांगितलं की जवळपास तीनशे माणूस येऊन गेलं आणि एकाही तोंडून वेडावाकडा शब्द आला नाही.

तरी रुसवे झालेच. आमचे एक थोरले दीर दोन महिने बोलत नव्हते, कारण त्यांच्या मुलांच्या सासरच्यांना लग्नाचं बोलावणं नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं आणि अजून वाटतं. पण मला राहून राहून मे २०२१ आठवायचा. करोनाच्या नियमामुळे लग्नाला २५ माणसं आणि २ तास एवढीच परवानगी होती, मोडलं तर ५०,००० दंड. माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न तसं झालं. तिच्या वडिलांना जाऊन तेव्हा महिना झाला नव्हता. आम्ही पंचवीस जण अंगणात उभे होतो. त्या मुलीचा संसार आज चारचौघांसारखाच चालला आहे आणि त्या वेळी न बोलावलेल्या एकाही माणसाने तिच्याशी नातं तोडलेलं नाही. सरकारने सांगितलं तेव्हा सगळ्यांनी समजून घेतलं. मग एखादी आई हात जोडून सांगते, माझ्याकडे एवढेच आहेत, तेव्हा का समजून घेऊ नये?

तिथीचंही सांगते. गुरुजींनी तीन मुहूर्त काढून दिले होते, दोन रविवारचे आणि एक बुधवारचा, सकाळी ९ वाजून १२ मिनिटांचा. मी बुधवार धरला. रविवारी त्याच आचाऱ्याने, त्याच फोटोवाल्याने जवळजवळ दीडपट सांगितले असते. नोकरदार कसे येणार म्हणून लेकीला काळजी होती. ते अक्षता टाकून, उपीट आणि वाटीभर श्रीखंड खाऊन साडेदहाला कामावर गेलेसुद्धा.

आता जेवणाचं. इथे मी वाचकांना खरं सांगणार आहे, कारण याबद्दल फार गैरसमज आहे. आम्ही आचारी मजुरीवर लावला आणि सामान स्वतः भरलं. सकाळचा चहा-उपीट आणि दुपारी मसालेभात, साधा भात-वरण, पुरी, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, श्रीखंड, मठ्ठा. किराणा १२,५००, भाजी ३,८००, चक्का-दही-दूध ५,०००, गॅस ३,५००, आचारी आणि त्याचे दोन हाताखालचे ७,०००, भांड्यांचं भाडं १,८००, पत्रावळी-द्रोण ९००. झाले ३४,५००. जेवली ११८ पानं. म्हणजे पानामागे २९२ रुपये पडले. कार्यालयाचा दर ३२० होता. पानामागे वाचले ते अठ्ठावीसच! घरी सामान भरलं म्हणजे जेवण निम्म्यात होतं, ही समजूत चुकीची आहे, निदान शंभर-सव्वाशे माणसांना तरी. आम्ही जे वाचवलं ते तीनशे ताटांच्या जागी ११८ ठेवून. त्यातही निम्मा खर्च विहीणबाईंनी आपणहून उचलला, तो याद्यांतच लिहिला होता, त्यामुळे माझ्या वहीत १७,२५० पडले.

एक गोष्ट मात्र घरी केल्याने खरोखर वाचली, ती श्रीखंड. ७ किलो चक्का आणि ७ किलो साखर, १४ किलो श्रीखंड झालं. आदल्या संध्याकाळी गल्लीतल्या सहा जणी पुरणयंत्रं घेऊन आल्या. चक्का-साखर एकत्र करून चार तास मुरत ठेवलं होतं, ते आळीपाळीने यंत्रातून काढलं. वेलदोडा, जायफळ घातलं आणि पातेली ओल्या फडक्याने झाकून ठेवली. विकतचं घेतलं असतं तर निदान दुप्पट पैसे पडले असते. पण खरं सांगायचं तर ती संध्याकाळच मला लग्नाएवढी आठवते. यंत्र फिरवता फिरवता एकीने ओव्या म्हटल्या, जात्यावरच्या. तिला येतात हे शेजारी राहून वीस वर्षांत मला माहीत नव्हतं.

वाढायला भाचे-पुतणे होते. पंगत जमिनीवर बसवली, गुडघेदुखीवाल्यांना टेबल-खुर्ची. हातात ताट घेऊन उभ्याने खाताना माणूस एकदम सगळं भरून घेतो आणि अर्धं टाकतो. पंगतीत विचारून वाढतात, म्हणून शेवटी उष्टं गोळा केलं ते एका बादलीचंही भरलं नाही.

सजावटीबद्दल लिहायला मला सर्वांत आवडेल, कारण ते माझं क्षेत्र आहे. शिंप्याकडे चिंध्या उरतात. पण खणाच्या चिंध्या फेकवत नाहीत. धारवाडी खणाचा काठ, इरकलीचा पदर कापून उरलेला तुकडा, असं मी लग्न ठरायच्या आधीपासून वर्षभर एका गोणपाटात साठवत होते. त्याचे हातभर अंतरावर सुतळीला शिवलेले त्रिकोण केले. अकरा तोरणं झाली, सभामंडपाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत. खणाला मुळातच चमक असते, दिवसाउजेडी ती अशी खुलते की त्याला लायटिंगची गरज नाही.

बोहल्यामागे काय लावायचं हा प्रश्न होता. थर्माकोल आणि प्लॅस्टिकची फुलं मला नको होती. मग मी सात घरी गेले आणि आजीच्या, सासूच्या ठेवणीतल्या नऊवारी मागितल्या. जांभळी चंद्रकळा, एक हिरवीगार इरकल, एक डाळिंबी, एक तर इतकी विरलेली की हात लावायची भीती. लग्नाआधी मी तिला मागून मलमलचं अस्तर टाचून घेतलं. बांबूच्या चौकटीवर त्या निऱ्या घालून सोडल्या. ज्या घरची साडी त्या घरची बाई आली की आधी बोहल्याकडे जायची, आपली साडी कुठे लावली आहे ते बघायची आणि सोबतच्यांना सांगायची, ही आमच्या आत्तींची. दुसऱ्या आठवड्यात सगळ्या साड्या सावलीत वाळवून, घडी घालून परत केल्या. खर्च शून्य. झेंडू १२ किलो आणि शेवंती ३ किलो पहाटे बाजारातून आणली, माळा घरीच ओवल्या. गजरे-वेण्या धरून फुलांचे एकूण २,२०० झाले.

आणि अंतरपाट. तो मी विकत आणला नाही. पांढऱ्या मांजरपाटावर कुंकवाच्या रंगाच्या दोऱ्याने स्वस्तिक काढायला घेतलं आणि केळवणाला जिथं जिथं गेलो तिथं बरोबर नेलं. घरातल्या थोरल्या बाईने एक टाका घालायचा. कोणाचा टाका लांब, कोणाचा वाकडा. ज्यांना सुई ओवता येत नव्हती त्यांना मी ओवून दिली. विहीणबाईंनी याद्यांच्या दिवशी घातला. माझ्या आईने, जिच्या म्हशी गेल्या, तिनेही घातला. तिला आता नीट दिसत नाही, मी बोट धरून सुई टोचली. लग्नात गुरुजींनी तो धरला तेव्हा मला मंगलाष्टका ऐकू आल्या नाहीत, मी टाकेच बघत होते.

मंगलाष्टकांचं मात्र सांगायलाच हवं. मिरज सतार-तंबोऱ्यांचं गाव, इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ओळखीच्या एका कारागिरांनी एक तंबोरा दोन तासांसाठी दिला आणि त्यांच्याच घरी शिकायला येणाऱ्या एका मुलीने मंगलाष्टका म्हटल्या. तिला मी एक परकर-पोलकं शिवून दिलं, पैसे तिने घेतले नाहीत. बँड नव्हता, हळदीला डीजे नव्हता. शेजारी बारावीचा मुलगा अभ्यास करतो, त्याच्या आईने मला येऊन दुवा दिली.

मानपानाच्या साड्यांबद्दल मी अधिकारानं बोलू शकते. दुकानात त्यांना 'देण्याघेण्याच्या साड्या' असंच म्हणतात. त्या नेसण्यासाठी नसतातच. एका लग्नात आलेली साडी दुसऱ्या लग्नात जाते. ब्लाऊजपीसचं तर विचारू नका. लोक माझ्याकडे ढीग घेऊन येतात, यातलं काही शिवता येईल का म्हणून. पन्हा अपुरा, रंग पहिल्या पाण्यात उतरणारा, कापडाला जीव नाही. लग्नघराने त्याला बिचारे पंचवीस-तीस हजार घातलेले असतात. आम्ही दोन्ही घरांनी मिळून ठरवलं की एकमेकांना साड्या, टॉवेल-टोपी, सफारीचे पीस काही करायचे नाहीत. त्याऐवजी मी उरलेल्या खणाचे साठ बटवे शिवले. प्रत्येकात शंभर ग्रॅम सांगलीची हळद. सांगली ही हळदीची पेठ, २०१८ साली इथल्या हळदीलाही मानांकन मिळालेलं आहे. चांगली राजापुरी हळकुंडं आणून, दळून घेतली. बायकांची ओटी भरताना नारळाबरोबर तो बटवा दिला. नारळ-तांदूळ धरून सगळ्याचे ४,५०० झाले. अजूनही कोणीतरी भेटतं आणि म्हणतं, तुमची हळद संपली, बटव्यात आता कानातली ठेवते.

पत्रिकेत 'आहेर आणू नये' छापावं की नाही यावर घरात वाद झाला. लेकीला ते छापायचं होतं. मी नको म्हटलं. आहेर म्हणजे लग्नघराला गावाने दिलेला हात. माझ्या आईकडे आहेराची वही होती, कोणी किती दिले ते लिहून ठेवायचे आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढ्यात सव्वा रुपया घालून परत करायचे. त्यात कमीपणा कसला? ज्यांना द्यायचं त्यांनी पाकीट दिलं, आम्ही घेतलं, वहीत लिहिलं आणि ते पैसे लेकीच्या नावावर पोस्टात टाकले. ते माझ्या खर्चाच्या हिशेबात धरलेले नाहीत.

दागिन्यांत आम्हाला फार ताण पडला. सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेल्यावर नवं घेण्याची ताकद नव्हती. माझ्या दोन जुन्या पाटल्या मोडून मंगळसूत्र आणि कानातलं केलं, भर आणि घडणावळ मिळून ३२,००० गेले. घरातलं काही विकायचं नाही म्हणाले होते, पण पाटल्या विकल्या नाहीत, त्या लेकीच्या गळ्यात गेल्या. कपडे सगळ्यांचे मिळून २९,०००, शिलाई अर्थातच माझी. पत्रिका साठच छापल्या, पहिली सांगलीच्या गणपतीला. फोटोवाला तीन तासांसाठी, ७,०००. लग्नाआधीचं शूटिंग वगैरे केलं नाही. लेकीनेच नको म्हटलं. विवाहनोंदणी नव्वद दिवसांच्या आत करायची असते, ती आम्ही पंधराव्या दिवशी तीन साक्षीदार नेऊन केली. अर्जावर गुरुजींची सही लागते, तेव्हा ती लग्नाच्या दिवशीच घेऊन ठेवावी, नाहीतर लग्नसराईत त्यांना गाठताना पाय दुखतात.

याहून कमी खर्चात ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी नोंदणी विवाह आहेच. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटीस देऊन तीस दिवस थांबायचं आणि तीन साक्षीदार न्यायचे. आपल्या भागात सत्यशोधक पद्धतीचं लग्नही कोणाला नवीन नाही. जोतीराव फुल्यांनी पुण्यात पहिलं लावलं ते २५ डिसेंबर १८७३ ला, आणि कर्ज काढून लग्नं करणाऱ्या कुणब्यांचे हालही त्यांनी लिहून ठेवले. दीडशे वर्षं झाली आणि माझ्या मशीनसमोर बसून बायका तेच सांगतात.

संपादक महाशय, आता माझं मागणं. आमचं जमलं, कारण गल्लीच्या टोकाला सभामंडप होता. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी काय करायचं? जवळजवळ प्रत्येक वॉर्डात आणि गावात एक समाजमंदिर असतं, शाळांना हॉल असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे ऐन लग्नसराईत, शाळा रिकाम्याच असतात. महापालिकांनी, नगरपालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी अशा जागांची यादी करावी, दीडशे माणसांपर्यंतच्या लग्नाला त्या ठराविक भाड्याने द्याव्यात आणि भाड्याचा फलक दारावर लावावा, म्हणजे कोणाच्या ओळखीची गरज राहणार नाही. कार्यालयांनीही किमान ताटांचा आकडा आणि इसाराची अट पावतीच्या पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरात लिहावी. एवढं झालं असतं तर माझे ११,००० वाचले असते.

आणि एक मागणं आपल्याकडे. दर रविवारी एका छोट्या लग्नाचा खराखुरा हिशेब छापा. नाव नको, फोटो नको. कुठे केलं, किती माणूस जेवलं, कशाला किती लागले, कुठे चुकलं. मोठी लग्नं सगळ्यांना दिसतात, रस्त्यावरूनच दिसतात. छोटी कशी करायची ते कोणी सांगत नाही, म्हणून माणूस घाबरून इसार देऊन बसतो. पहिला हिशेब म्हणून माझी वही घ्या. त्यातली सोळा पानं लग्नाची आहेत, बाकीची कोरी आहेत.

खणाची तोरणं आत्तापर्यंत तीन लग्नांना जाऊन आली. सध्या चौथ्या घरी आहेत, पुढच्या गुरुवारी परत येतील. एकाची सुतळी तुटली आहे असा निरोप आला आहे, ती आल्यावर शिवून ठेवते.

आपली वाचक,
शिवणकाम करणारी एक आई,
मिरज